आसादोरा की तैगा: आधी काय बघावं?

आसादोरा आणि तैगा हे जपानच्या एनएचके वाहिनीवरच्या दीर्घ पल्ल्याच्या मालिकांचे दोन प्रकार; एक मालिका संपली की त्याच वेळेला नवी सुरू होते. आसादोरा 1961 पासून सकाळी लागते: 15 मिनिटांचा भाग, एक मालिका साधारण सहा महिने. 2020 पासून नवे भाग सोमवार ते शुक्रवारच येतात. तैगा म्हणजे ऐतिहासिक मालिका, 1963 पासूनची, रविवारी रात्री, 45 मिनिटांची, बहुधा वर्षभर. एकूण वेळ मात्र जवळपास सारखाच, तीस-पस्तीस तास.

नवख्याने आसादोराच धरावी. सकाळची कामं उरकता उरकता कानावर पडली तरी कळावी म्हणून तिच्यात निवेदन भरपूर असतं. एका बैठकीत आठवड्याचे पाचच भाग बघा, कारण कथानक आठवड्याच्या हिशेबानेच बांधलेलं असतं. त्याहून जास्त ओढले की तेच ते वाटू लागतं.

तैगात गाडी अडते ती नावांपाशी. जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, तोकुगावा इएयासु लहानपणी ताकेचियो, मग मोतोनोबु, मग मोतोयासु. सबटायटलमध्ये माणूस तोच, नाव वेगळं. पहिले चार-पाच भाग घराणी आणि नावं कागदावर मांडून ठेवा. तेवढा खटाटोप केलात तर दरबारातला नुसता नजरेचा खेळही कळतो, आणि तो आसादोरात क्वचितच मिळतो.