पहाटे साडेचार की सकाळी पावणेआठ: बेळगावातून बेसबॉल धरायचा तर

बेसबॉलची गोडी लागली की पहिला प्रश्न येतो संघाचा. अमेरिकेतला माणूस बहुधा आपल्या गावाचा किंवा वडिलांचा संघ धरतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या माणसाला तसा धागा नसतो. मग नाव ऐकलेलं असतं म्हणून यांकीज किंवा रेड सॉक्स धरले जातात आणि मे सरायच्या आत सुटतातही. कारण झोप. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलच्या नियमित हंगामात एका संघाचे १६२ सामने असतात, मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, आठवड्याला साधारण सहा. क्रिकेटच्या दौऱ्यासारखं चार रात्री जागून इथे भागत नाही. तेव्हा आधी स्वतःचा दिवस पाहावा आणि त्यावरून संघ ठरवावा.

कुठल्या किनाऱ्याचा संघ

हंगामभर अमेरिकेत उन्हाळी वेळ चालू असते. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, शिकागो साडेदहा, लॉस एंजेलिस साडेबारा. पूर्वेकडचा संध्याकाळी ७:०५ चा सामना बेळगावात पहाटे ४:३५ ला सुरू होतो. पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळचे सामने साधारण ६:४० ते ७:१० ला लागतात, म्हणजे आपल्याकडे सकाळी ७:१० ते ७:४०. अॅरिझोना घड्याळ बदलत नाही, पण उन्हाळ्यात त्यांची वेळ पश्चिम किनाऱ्याशी जुळते, म्हणून तो संघही याच गटात धरा.

२०२३ पासून पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) वेळेचं बंधन आलं आणि त्या वर्षी सामन्याची सरासरी लांबी २ तास ४० मिनिटांवर आली. त्याआधीच्या वर्षी ती तीन तासांच्या वर होती. म्हणजे ४:३५ चा सामना सव्वासातला आटोपतो आणि ७:४० चा दहा-वीसच्या सुमाराला.

उद्यमबागेत पहिल्या पाळीला जाणाऱ्याला पूर्वेचा सामना अर्धाच मिळतो, कारण सामन्याच्या नऊपैकी शेवटच्या तीन इनिंग नेमक्या आवरायच्या आणि गाडी काढायच्या वेळेत येतात. पश्चिमेचा तर मिळतच नाही. अशा माणसाने रविवारवर भिस्त ठेवावी. रविवारी पूर्वेकडे बरेच सामने दुपारी एक-दीडला असतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा-अकराला. दुसऱ्या पाळीवाल्याला आणि दहाला दुकान उघडणाऱ्याला डॉजर्स, जायंट्स, पाद्रेस किंवा मरिनर्स अगदी सोयीचे. गोठ्याचं काम असणारा पहाटे उठलेलाच असतो. धार काढून डेअरीला दूध घालून येईपर्यंत पूर्वेच्या सामन्याच्या चार-पाच इनिंग सहज होतात, त्याने पूर्व किनारा खुशाल धरावा. रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्याला शिकागो कब्जचा विचार करायला हरकत नाही. त्यांच्या रिगली फील्डवर १९८८ पर्यंत दिवेच नव्हते आणि आजही तिथे दिवसाचे सामने इतर मैदानांपेक्षा जास्त होतात. दुपारी १:२० म्हणजे आपले रात्रीचे ११:५०.

भावनेचा एक धागा भारतीयांसाठी आहे: २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं होतं. दोघेही मुख्य लीगपर्यंत पोहोचले नाहीत. त्या नात्याने पायरेट्स धरायचे असतील तर धरा, पण घरच्या मैदानावर ते ६:४० ला खेळायला उतरतात तेव्हा इथे पहाटेचे ४:१० वाजलेले असतात.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. संघ निम्मे म्हणजे ८१ सामने बाहेर खेळतो, त्यामुळे पश्चिमेचा संघ पूर्वेच्या दौऱ्यावर गेला की आठवडाभर पहाटच नशिबी येते. आणि वर्ल्ड सिरीजचे (हंगामाच्या अंतिम लढतीचे) सामने पूर्वेच्या रात्री आठच्या सुमाराला ठेवतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच. तिथे कुठल्याच किनाऱ्याची सवलत नाही. तारखेचाही घोटाळा होतो. अमेरिकेतला शुक्रवारी रात्रीचा सामना आपल्याकडे शनिवारी सकाळी होतो, म्हणून वहीत तारीख कायम तिथलीच लिहावी. नाहीतर नंतर धावफलक शोधताना सापडत नाही.

पाहायचा की ऐकायचा

बऱ्या दर्जाचा व्हिडिओ सेकंदाला ३ मेगाबिट खातो. तासाला १.३५ जीबी, पूर्ण सामन्याला साडेतीन जीबीच्या वर. रोज दीड जीबीचा रिचार्ज असेल तर चौथ्या इनिंगमध्ये डेटा संपतो, आणि पहाटेचा सामना असेल तर दिवस उजाडायच्या आत संपूर्ण दिवसाचा कोटा गेलेला असतो. ६४ किलोबिटचं रेडिओ समालोचन तासाला जेमतेम २९ एमबी घेतं, सामन्याला ८० एमबीच्या आत. हंगामाचे शेवटचे चार महिने आपल्याकडे पावसाचे. जांबोटी, कणकुंबीकडे धुवाधार लागला की मोबाइलची रेंज पडते. व्हिडिओ गोल फिरत बसतो, आवाज बहुतेक वेळा टिकतो. घरात ब्रॉडबँड असेल तर राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावून घ्या. आधी राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा. यूपीएसचे व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत. लाइट गेली तर निदान इंटरनेट जात नाही.

पण रेडिओ निवडायचं मोठं कारण खर्च नव्हे. टीव्हीवरचा समालोचक चित्रावर विसंबून गप्प राहू शकतो. रेडिओवरच्याला प्रत्येक पिच (पिचरने टाकलेला चेंडू), प्रत्येक क्षेत्ररक्षकाची जागा, कोणता धावपटू कुठे आहे, हे बोलावंच लागतं. खेळ शिकायला त्याच्यासारखा गुरू नाही. पहिले दोन आठवडे जड जातात, मुख्यतः आकड्यांमुळे. काउंट सांगताना आधी बॉल (टप्प्याबाहेर गेलेली, बॅटरने सोडलेली पिच), मग स्ट्राइक (टप्प्यात आलेली किंवा फटका हुकलेली पिच): ‘थ्री अँड टू’ म्हणजे तीन बॉल, दोन स्ट्राइक. चौथ्या बॉलला बॅटर चालत पहिल्या बेसवर, तिसऱ्या स्ट्राइकला बाद. दोन स्ट्राइक झाल्यावर फाउल (रेषेबाहेरचा फटका) गेला तर स्ट्राइक वाढत नाही (बंट म्हणजे बॅट न फिरवता हलकेच टेकवलेला चेंडू, त्याचा फाउल मात्र बाद धरतात). एकच बॅटर दहा-दहा पिच का खेळतो, हे यातून उलगडतं.

व्हिडिओची बाजू एका ठिकाणी भक्कम आहे: पिच वळते कशी, स्लायडर आणि कर्व्हबॉलमध्ये फरक काय, हे कानाने कळत नाही. त्यासाठी रविवारी रात्रीचा एक सामना डोळ्यांनी पाहावा, बाकी आठवडा ऐकावा.

तिसरा मार्ग फुकटचा: लीगच्या अॅपमधलं गेमडे. प्रत्येक पिच कुठे पडली, वेग किती, निकाल काय, सगळं ठिपक्यांनी दिसतं आणि डेटा नगण्य लागतो. दुकानात गिऱ्हाईक करता करता हेच परवडतं. मात्र गेमडे आणि रेडिओ एकदम लावू नका. आवाज बऱ्याचदा मागून येतो, त्यामुळे होमरन (मैदानाबाहेर गेलेला फटका) कानावर यायच्या आत पडद्यावर दिसून गेलेला असतो. नोटिफिकेशनही त्याच कारणाने बंद ठेवा.

वही की अॅप

ऐकणाऱ्याने गुणनोंद हाताने करावी, असं आग्रहाने सांगतो. अॅपमध्ये ती आपोआप होते आणि म्हणूनच डोक्यात काही राहत नाही. शाळेची चौकडीची वही, पेन्सिल आणि खोडरबर पुरे. डावीकडे नऊ बॅटर एकाखाली एक, प्रत्येक नावाखाली बदली खेळाडूसाठी एक ओळ रिकामी, आडवे रकाने दहा-बारा. क्षेत्ररक्षकांना क्रमांक ठरलेले आहेत: १ पिचर, २ कॅचर, ३ पहिला बेस, ४ दुसरा, ५ तिसरा, ६ शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला), ७ डावं, ८ मधलं, ९ उजवं आउटफील्ड. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवला, दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्या बेसवर गेला आणि दोघे बाद झाले, तर ‘६-४-३’. स्ट्राइकआउटला इंग्रजी ‘के’, बॅट न फिरवता बाद झाला तर तोच ‘के’ उलटा. ही नोंदपद्धत रुजवणारे हेन्री चॅडविक मूळचे इंग्लंडचे आणि आधी क्रिकेटचे बातमीदार. स्कोअरबुकाची सवय असलेल्या क्लबच्या पोरांना ती परकी वाटत नाही.

एक इनिंग जवळून पाहा. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, तिथे २५ ऑक्टोबरची संध्याकाळ, इथे २६ ची सकाळ. दहाव्या इनिंगला डॉजर्स यांकीजच्या मागे, २-३. स्मिथ बाद. लक्स बॉलवर चालत पहिल्या बेसवर. एडमनचा सिंगल (एका बेसचा फटका). ओटानीचा उंच फाउल डाव्या आउटफील्डच्या वर्डुगोने झेलला, त्याच्या चौकटीत एफ ७ (एफ म्हणजे फ्लाय, उंच झेल). झेल घेता घेता वर्डुगो प्रेक्षकांत पडला, म्हणून दोन्ही धावपटूंना एकेक बेस मिळाला. हे त्यांच्या चौकटीत बाणाने दाखवायचं. बेट्सला मुद्दाम चालत सोडलं. मग फ्रीमनने पहिल्याच पिचवर होमरन, चार धावा, ६-३. आता ताळा करा. खेळलेले बॅटर सहा. धावा ४, बाद २, बेसवर उरलेले ०, बेरीज सहा. प्रत्येक अर्ध्या इनिंगनंतर हा ताळा जमलाच पाहिजे. जमला नाही तर एखादा बॅटर किंवा एखादा बाद नोंदवायचा राहिला आहे.

एकच अपवाद: नियमित हंगामात दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर एक धावपटू आयता उभा करतात. तो न खेळता आलेला असतो, म्हणून त्या इनिंगच्या बॅटरांमध्ये एक मिळवून ताळा करावा. प्लेऑफमध्ये हा नियम नाही.

सरासरी काढताना सगळे चुकतात ती जागा म्हणजे पिचरच्या इनिंग. ६.१ म्हणजे सहा इनिंग आणि एक बाद, अर्थात सहा पूर्णांक एक तृतीयांश. क्रिकेटमधलं ६.१ षटकं जसं दशांश नव्हे, तसंच हे. ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या धावांची सरासरी) काढायचा तर पिचरच्या खात्यावरच्या धावांना ९ ने गुणून इनिंगने भागायचं. ६० इनिंगमध्ये २० धावा म्हणजे ३.००. कॅल्क्युलेटरवर ६.१ दाबण्याऐवजी एकूण बाद मोजा आणि तीनने भागा, चूक होणार नाही.

टिपण मराठीत लिहायचं तर

सामन्यावर चार ओळी मित्रांना पाठवायच्या असतील तर टायपिंगचे तीन पर्याय. बोलून टाइप करणं सर्वांत जलद, पण ‘वर्डुगो’, ‘ओटानी’ अशा नावांचं त्यात काहीबाही होतं आणि तपासण्यात वाचलेला वेळ जातो. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणं फोनवर सोयीचं. मात्र कीबोर्ड मराठीच घ्या. आपल्याकडे अनेक फोनवर कन्नड आणि हिंदी असतात, मराठी वेगळी जोडावी लागते. हिंदी कीबोर्ड वापरला तर ‘ळ’चे शब्द सहसा सुचत नाहीत. संगणकावर नियमित लिहिणाऱ्याने इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची ठरलेली कळरचना) शिकावं, दोन-तीन आठवड्यांत हात बसतो.

बेसबॉलच्या मराठीत एक अक्षर सतत लागतं, ‘ऱ्या’: दुसऱ्या बेसवर, तिसऱ्या इनिंगमध्ये. पुष्कळ ठिकाणी त्याचं ‘दुसर्‍या’ऐवजी रफार देऊन ‘दुसर्या’ होतं आणि वाचताना ठेच लागते. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो, मग डी म्हणजे हलन्त, तिरकी रेघ म्हणजे य आणि ई म्हणजे काना. चार कळांत अक्षर बिनचूक. ‘बॉल’ची चंद्रकोर काना उलट्या तिरक्या रेघेवर आहे.

डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहू नका. तो मजकूर दुसऱ्या फोनवर गेला की अक्षरांचा कचरा होतो आणि युनिकोडमध्ये बदलून घेतला तरी नेमके ऱ्या आणि ॉ तपासत बसावं लागतं.