माचा आणि साधा ग्रीन टी : आठ महिने दोन्ही वापरल्यावर

माचा म्हणजे ग्रीन टीची पूड, असं दुकानदारही सांगतात. झाड एकच, पण माचाच्या झाडांवर खुडणीआधी साधारण तीन आठवडे सावली धरतात. ऊन अडल्यामुळे पानातलं थिआनिन (चहाला गोडसर चव देणारं अमिनो आम्ल) टिकतं, हिरवा रंग गडद होतो, तुरटपणा कमी राहतो. पानं वाफवून, न वळता वाळवतात, देठ-शिरा काढून दगडी जात्यावर दळतात. एका जात्यातून तासाला जेमतेम 40 ग्रॅम पूड पडते. भाव तिथेच चढतो. साधा ग्रीन टी मिक्सरला फिरवला तर कडवट, मातकट भुकटी मिळते, माचा नाही.

खरा फरक पोटात जाण्याचा आहे. ग्रीन टीचा अर्क पिऊन चोथा टाकतो, माचात अख्खं पान पितो. म्हणून 2 ग्रॅम माचात साधारण 60 मिलिग्रॅम कॅफीन, तर ग्रीन टीच्या कपात बहुधा त्याच्या निम्मंच. संध्याकाळी पाचनंतर माचा नकोच.

कृती : 2 ग्रॅम (सपाट छोटा चमचा) पूड बारीक गाळणीतून चाळायची. हे टाळलं की गुठळ्या होतात आणि मग कितीही घुसळा, सुटत नाहीत. 80 अंशाचं 70 मिली पाणी. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी दोनदा भांडं बदलून ओतायचं, दर वेळी साधारण दहा अंश उतरतात. बांबूची घुसळणी (चासेन) आधी कोमट पाण्यात भिजवून, मनगटाने इंग्रजी डब्ल्यूसारखी पुढे-मागे चालवायची. गोल ढवळलं तर फेस येत नाही. बॅटरीवरचा फ्रॉथरही चालतो, फेस जरा भरड येतो इतकंच. ग्रीन टीला 2 ग्रॅम पानं, 200 मिली पाणी, दोन-तीन मिनिटं. बहुतेकांचा कडू होतो तो उकळतं पाणी ओतल्यामुळे, आणि दोष मात्र पानांना लागतो.

डब्यावरच्या ‘सेरेमोनियल’ (म्हणजे चहा-समारंभाच्या उंची प्रतीचा) शब्दाला भुलू नका, जपानमध्ये अशी सरकारी प्रत नाही. रंग बघा : पोपटी म्हणजे ताजा, शेवाळी-पिवळट म्हणजे जुना. दूध घालून पिणार असाल तर महागडा घेणं म्हणजे पैसे पाण्यात, दुधात ती नाजूक चव बुडते.

साठवण हीच माचाची दुखरी बाजू. फोडलेला डबा महिना-दीड महिन्यात संपवावा, म्हणून 30 ग्रॅमचाच घ्यावा. फ्रिजमधून काढून लगेच उघडला तर कोकण-मुंबईच्या दमट हवेत आत दव धरतं आणि पूड गोळा होते. आधी बाहेर तासभर बंदच ठेवायचा. ग्रीन टीची पानं घट्ट झाकणाच्या डब्यात महिनोन्‌महिने निभावतात. घुसळणीला साबण लावायचा नाही, नुसती धुऊन टोकं वर करून उघड्यावर वाळवायची. पावसाळ्यात डबीत कोंडली की बुरशी धरलीच.

दोन्ही जेवणाला लागून नकोत, अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर माचाआधी डॉक्टरांना विचारावं : अख्ख्या पानाबरोबर रक्त गोठायला मदत करणारं व्हिटॅमिन के-ही पोटात जातं.