नालदेहरा की गुलमर्ग?

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ च्या पुढे गेला की डोंगरातला गोल्फ खुणावू लागतो. शिमल्याजवळचं नालदेहरा की काश्मीरमधलं गुलमर्ग? होल दोन्हीकडे १८. पण पहिल्यांदाच जाणार असाल, तर माझं मत नालदेहऱ्याला. कर्नाटक एक्सप्रेसनं थेट दिल्ली, पुढे कालका-शिमला छोटी गाडी, मग तासाभराचा घाटरस्ता. देवदारांमधून खेळायचे अरुंद पट्टे. चेंडू जरा वाकडा गेला की खोडावर टक्कन आपटून परत पायाशी! व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला ही जागा एवढी भावली, की धाकट्या लेकीच्या नावातच त्यानं ती घातली.

गुलमर्ग ऐसपैस, सुमारे २,६५० मीटरवर. हिवाळ्यात बर्फाखाली, तेव्हा स्कीवाल्यांचं राज्य. हवा विरळ, चेंडू लांब पळतो. एरवी सात नंबरची आयर्न (गोल्फची काठी; नंबर वाढला की फटका आखूड) लागते तिथं आठची पुरते.