कोअर डम्प: थेट फाइल की सिस्टमडी?

प्रोग्रॅम कोसळताना लिनक्स त्याच्या मेमरीची प्रत ठेवतं, तोच कोअर डम्प. तो थेट फाइलमध्ये घ्यायचा, की सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीच्या हवाली करायचा, हा प्रश्न. प्रोग्रॅम कोसळला आणि टर्मिनलवर 'सेगमेंटेशन फॉल्ट' आलं, की त्यापुढे 'कोअर डम्प्ड' हे शब्द आहेत का ते आधी बघा. नसतील तर बहुधा यूलिमिटची (शेलमधून प्रोग्रॅमवर मर्यादा घालणारी कमांड) कोअर मर्यादा शून्य आहे. शब्द आहेत पण फाइल सापडत नाही, तर ती दुसऱ्याच कुणीतरी नेलीय: उबुंटूवर सहसा अपोर्ट या क्रॅशची माहिती गोळा करणाऱ्या प्रोग्रॅमने, फेडोरावर सिस्टमडीच्याच सिस्टमडी-कोअरडम्पने. कोण नेतं ते कर्नलच्या (लिनक्सचा गाभा) कोअर पॅटर्न सेटिंगमध्ये दिसतं. ती ओळ पाइपच्या उभ्या रेघेने सुरू होत असेल तर डम्प त्या प्रोग्रॅमच्या हवाली होतो.

थेट फाइल हा जुना मार्ग. यूलिमिट अनलिमिटेड करायचं, पॅटर्नमध्ये पूर्ण पाथ द्यायचा, नावात पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) आणि वेळ घालायची. झालं. पण शेलमधलं यूलिमिट त्या शेलपुरतंच. सर्व्हिससाठी तिच्या युनिट फाइलमध्ये (सिस्टमडीची सेटिंग फाइल) लिमिटकोअर वेगळं लिहावं लागतं. शिवाय प्रोसेस ज्या युजरने चालते त्याला त्या फोल्डरमध्ये लिहिता आलं पाहिजे. आणि झाडलोट करायला कुणी नसतं. चार-पाच जीबी मेमरी खाणारी सर्व्हिस कोसळून पुन्हापुन्हा उठत राहिली, तर सकाळपर्यंत डिस्क भरलीच समजा.

सिस्टमडी डम्प कॉम्प्रेस करून ठेवतं, डिस्कच्या साधारण 10 टक्क्यांवर जाऊ देत नाही, आणि बॅकट्रेस (कोसळताना चालू असलेल्या फंक्शन्सची साखळी) जर्नलमध्ये, म्हणजे आपल्या लॉगमध्ये, टाकतं. कोअरडम्पसीटीएल या कमांडला 'डीबग' म्हटलं की जीडीबी हा डीबगर योग्य बायनरीसकट उघडतो. मला हेच आवडतं, पण एकदा चांगलाच हात पोळलाय. शुक्रवारी रात्री सर्व्हिस पडली, आम्ही बघितलं मंगळवारी. यादीत नोंद होती, पण फाइलच्या रकान्यात 'मिसिंग'. आमच्या आवृत्तीत टेम्पफाइल्सचा (जुन्या फाइली आपोआप पुसणारा) नियम तीन दिवसांनी डम्प पुसत होता. तेव्हापासून नव्या सर्व्हरवर आधी तो नियम बदलतो.

कंटेनर (होस्ट मशीनवर स्वतःच्या वेगळ्या फाइलव्यवस्थेत चालणारे प्रोग्रॅम) असतील तर विचारच नको, सिस्टमडी घ्या. कोअर पॅटर्न सगळ्या मशीनला एकच. थेट फाइल दिलीत तर पाथ कंटेनरच्या आतला धरला जातो. आत तो फोल्डर नसेल तर डम्पच नाही, असला तरी कंटेनरसोबत तोही जातो. पाइपवाला प्रोग्रॅम मात्र होस्टवर चालतो.

अल्पाइन लिनक्स किंवा एखाद्या छोट्या बोर्डवर सिस्टमडीच नसतं, तिथे थेट फाइल. डेटाबेससारख्या अजस्र प्रोसेसलाही मी तीच देतो, वेगळ्या पार्टिशनवर. सिस्टमडीची आकारमर्यादा जुन्या आवृत्त्यांत 2 जीबी होती, आणि अर्धवट कापलेल्या डम्पमधून जीडीबीला फारसं काही वाचता येत नाही.

काहीही निवडा, 'स्लीप 100' चालवून त्याला सेगव्ही (सेगमेंटेशन फॉल्टचा) सिग्नल मारा आणि डम्प हाती येतो का बघा. डम्प बाहेर कुणाला पाठवणार असाल तर त्यात मेमरीतले पासवर्डही असू शकतात, हे लक्षात ठेवा.