घरच्या पीसीसाठी ग्राफिक्स कार्ड: आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६० की आर्क बी५८०?

नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) कार्ड घ्यायला निघण्याआधी घरी कॅबिनेटचं झाकण उघडा आणि एसएमपीएसवरचं (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं) लेबल वाचा. तो किती वॅटचा आहे आणि त्यातून कार्डासाठी ८ पिनची वायर निघते का, यावर अर्धा निर्णय होऊन जातो. उरलेला अर्धा तुमच्या कामावर.

मॉनिटर १०८०पी (फुल एचडी) आणि मुख्य काम गेम खेळणं, तर माझं मत एएमडीच्या आरएक्स ६६००ला. कार्ड २०२१चं आहे, पण ८ जीबी मेमरी, १३२ वॅट आणि ८ पिनची एकच वायर. चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस त्याला पुरतो. रे ट्रेसिंग (गेममध्ये प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणं) मात्र त्याला फारसं झेपत नाही. ती हौस असेल तर हे घेऊ नका.

एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६०ला पैसे जास्त पडतात आणि मेमरी तेवढीच, ८ जीबी. नुसत्या गेमसाठी तो फरक मला पटत नाही. पण घरात कोणी ब्लेंडर (थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) शिकत असेल, किंवा इंजिनिअरिंगला असून मशीन लर्निंगचे प्रोजेक्ट करत असेल, तर पैसे वाचवू नका, हेच घ्या. त्या कामाचं बरंचसं सॉफ्टवेअर कुडा (ग्राफिक्स कार्डाकडून आकडेमोड करून घेण्याची प्रणाली) धरून लिहिलेलं असतं आणि कुडा एनव्हिडियाचंच. शिवाय हे ११५ वॅटमध्ये भागवतं. कार्ड खातं ती सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊनच बाहेर पडते, आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या वर असताना ती खोली आपल्यालाच सोसायची असते.

उन्हाळ्याचंच आणखी एक. कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवू नका. ओल्या हवेत धूळ हीटसिंकच्या (कार्डाची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये चिकटून बसते, मग ब्रश मारूनही निघत नाही आणि पंखे कायम जोरात फिरत राहतात.

इंटेलचं आर्क बी५८० कागदावर सगळ्यांत भरगच्च, १२ जीबी मेमरी. पण ते १९० वॅट घेतं आणि मदरबोर्डमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू असावं लागतं. रायझन ५ २६००सारख्या जुन्या प्रोसेसरबरोबर त्याचा वेग बराच घसरतो. अख्खा पीसी नवा बांधत असाल तर जरूर विचार करा, जुन्या मशीनसाठी नाही.

आरटीएक्स ३०५० घेताना डबा नीट वाचा. या एकाच नावाने ८ जीबी आणि ६ जीबी अशी दोन कार्डं मिळतात आणि फरक फक्त मेमरीचा नाही. ६ जीबीवालीत कोअर म्हणजे आकडेमोड करणारे भागही कमी (२५६० ऐवजी २३०४) आणि मेमरीची बस, म्हणजे माहिती ये-जा करायचा मार्गही अरुंद, १२८ ऐवजी ९६ बिट. तरी तिची एक जागा आहे. ती ७० वॅटवर चालते आणि बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही, म्हणून ऑफिसातून निघालेल्या जुन्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये तीच बसते. मात्र ‘४ जीबीचं कार्ड स्वस्तात’ म्हणून कोणी जीटी ७३० पुढे केलं तर हात लावू नका; ते २०१४चं आहे.

बिल जीएसटीचंच घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, आणि डब्यावरचा नंबर कार्डावरच्या नंबराशी जुळतो का ते दुकानातच बघा. वॉरंटीच्या वेळी पहिल्यांदा तोच विचारतात.