एण्ड टास्क दाबण्यापूर्वी: विंडोज ११ मधील टास्क मॅनेजर

दिवाळी अंकाची ९६ पाने छपाईला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी माझा मांडणीचा प्रोग्रॅम गोठला. तपासणीसाठी दोन पाने प्रिंटरकडे पाठवताच खिडकी पांढुरकी झाली, शीर्षपट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' ही अक्षरे उमटली, आणि फाइल सेव्ह करून चाळीस मिनिटे होऊन गेली असल्याचे मला आठवले. एरवी मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारे विंडोजचे साधन, उघडतो आणि प्रोग्रॅम बंद पाडणाऱ्या 'एण्ड टास्क'वर टिचकी मारून मोकळा होतो. त्या संध्याकाळी धीर धरला, म्हणूनच या साधनाविषयी लिहिण्याजोगे काही हाती लागले.

टास्क मॅनेजर नवा नाही. डेव्ह प्लमर या अभियंत्याने लिहिलेले हे साधन १९९६ मध्ये विंडोज एनटी ४.० बरोबर आले. ते वापरण्यापूर्वी 'नॉट रिस्पॉन्डिंग'चा अर्थ समजून घेतला पाहिजे. खिडकीकडे येणारे संदेश, म्हणजे टिचक्या, कळा, पुन्हा रंगवण्याच्या सूचना, प्रोग्रॅमने सुमारे पाच सेकंद उचललेच नाहीत, तर विंडोज हा शिक्का मारते. तेवढ्यावरून प्रोग्रॅम संपला असे ठरत नाही. तो एखादी मोठी फाइल लिहीत असेल किंवा दुसऱ्या कोणाची वाट पाहत असेल. म्हणून मी आधी सीपीयू आणि डिस्क हे रकाने पाहतो. आकडे हलत असतील, तर चहा करून येणे हाच सुरक्षित उपाय होय.

माझ्याकडे आकडे शून्यावर होते. तेव्हा मी 'डिटेल्स' या भागात जाऊन प्रोग्रॅमच्या नावावर उजवी टिचकी मारली आणि 'अ‍ॅनलाइज वेट चेन' हा पर्याय निवडला. अडकलेला प्रोग्रॅम कोणाची वाट पाहत आहे, याची साखळी तेथे दिसते. माझा ३२-बिट प्रोग्रॅम splwow64, देवनागरीत सांगायचे तर 'एसपीएल-वॉव-६४', या प्रक्रियेसाठी, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या दुसऱ्या एका प्रोग्रॅमसाठी, खोळंबला होता. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्रॅमची छपाई घडवून आणणारा हा मध्यस्थ असतो, आणि त्याने उघडलेली प्रिंटरची चौकट बहुधा कोठेतरी मागे दडून राहिली होती. त्याच यादीत मध्यस्थापुढे खूण करून मी फक्त त्याला बंद केले. क्षणभरात मांडणीचा प्रोग्रॅम शुद्धीवर आला, छपाई फसल्याची तक्रार करू लागला, आणि मी ती तक्रार वाचण्याआधी फाइल सेव्ह केली. बळी द्यायचाच असेल तर तो कोणाचा, हे सांगणारी ही सोय माझ्या मते टास्क मॅनेजरमधील सर्वांत मोलाची आहे. साखळी प्रत्येक वेळी सापडतेच असे नाही. प्रोग्रॅम स्वतःच्याच चक्रात फिरत असेल तर ती काहीही दाखवत नाही.

अशा वेळी बळजबरी करावी लागते, आणि तिचे स्वरूप ठाऊक असावे. खिडकी नेहमीप्रमाणे बंद केली तर प्रोग्रॅमला विनंती जाते आणि तो सेव्ह करायचे का, असे विचारू शकतो. प्रक्रिया सक्तीने संपवली तर त्याला एक ओळही लिहिण्याची संधी मिळत नाही. जी फाइल अर्धवट लिहून झाली असेल, ती तशीच राहते. कमांडच्या खिडकीतील 'टास्ककिल' या आज्ञेत हा फरक स्वच्छ आहे: नुसती आज्ञा विनंती करते, '/एफ' जोडल्यावर सक्ती होते. टास्क मॅनेजरच्या बटणावरून मात्र हा भेद वापरणाऱ्याला कळत नाही, ही माझी मोठी तक्रार आहे. 'डिटेल्स'मध्ये निदान खात्री तरी विचारली जाते, आणि विंडोजच्या प्राणभूत प्रक्रियेला हात लावल्यास संगणक बंद पडेल असा स्पष्ट इशारा मिळतो.

दुसरी तक्रार मांडणीची. वेट चेनसारखी उपयुक्त गोष्ट उजव्या टिचकीच्या यादीत दडलेली आहे, तर २०२३ मध्ये आलेली 'एण्ड टास्क'ची सोय, सेटिंग्जमधून सुरू केल्यास, थेट टास्कबारवर 'क्लोज विंडो'च्या शेजारी येऊन बसते. घाईत बोट घसरणाऱ्या माझ्यासारख्याने ती बंदच ठेवलेली बरी. टास्कबार किंवा डेस्कटॉप गोठल्यास, ते दोन्ही चालवणाऱ्या विंडोज एक्सप्लोररसाठी मिळणारा 'रीस्टार्ट'चा पर्याय मात्र निर्धास्तपणे वापरावा. उघडे दस्तऐवज त्याने बिघडत नाहीत. गंमत म्हणजे ऑक्टोबर २०२५ च्या एका ऐच्छिक अपडेटनंतर खुद्द टास्क मॅनेजरच खिडकी बंद केल्यावरही पार्श्वभूमीत चालू राहत होता; तो दोष पुढे दुरुस्त झाला.

ज्यांना याहून खोलात जायचे आहे, त्यांनी मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातील मोफत प्रोसेस एक्सप्लोरर घ्यावा. तो इन्स्टॉल करावा लागत नाही, आणि त्यातील नेमाच्या आकाराचे चिन्ह ओढून गोठलेल्या खिडकीवर सोडले की ती खिडकी कोणत्या प्रक्रियेची, हे लगेच कळते. एखादी फाइल कोणी धरून ठेवली आहे, हेही त्यात शोधता येते. दैनंदिन कामाला मला टास्क मॅनेजर पुरतो. फक्त मी आता आधी 'डिटेल्स' उघडतो.