पार्किंगसाठी डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक की नुसती खडी?

दुकानांच्या किंवा ऑफिसांच्या आवारात पार्किंग करायचं ठरलं की कोटेशनं येतात चौरस मीटरच्या दराने. नुसते दर शेजारी ठेवले तर दर वेळी खडी जिंकते आणि काँक्रीट हरतं. त्या दरात खालचे थर किती धरलेत, हे मात्र बहुतेक कोटेशनांत एका ओळीत उरकलेलं असतं. एका गाडीचा कप्पा २.५ बाय ५ मीटरचा. पण वळायची-निघायची वाट धरली की गाडीमागे २५ ते ३० चौरस मीटर जागा लागते. म्हणजे ४० गाड्यांना साधारण १,२०० चौरस मीटर. पुढचे हिशेब याच आकड्यावर आहेत.

आधी जड गाडीची वाट आखा

फरसबंदीची झीज आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. कारच्या एका आसावर ८०० किलो आणि भरलेल्या ट्रकच्या आसावर ८ टन धरले, तर वजन १० पट आणि झीज १०,००० पट. त्यामुळे ४० कारचं पार्किंग कार खराब करत नाहीत. ते खराब करते रोज येणारी कचऱ्याची गाडी, माल उतरवणारा ट्रक आणि पाण्याचा टँकर. नकाशावर फाटकापासून कचराकुंडीपर्यंत आणि माल उतरवायच्या जागेपर्यंत या गाड्यांची वाट रंगवा. ती सहसा एकूण जागेचा छोटा भाग निघते. तेवढ्याच भागाला जाड थर द्या. सगळ्या आवारात एकच पृष्ठभाग, एकाच जाडीचा, हा हट्टच सगळ्यात महाग पडतो.

डांबर

पहिला खर्च कमी, काम झटपट आणि डागडुजी सोपी. कारसाठी १५० ते २०० मिमी दाबलेल्या खडीच्या थरावर ५० ते ७५ मिमी डांबरी मिश्रण पुरतं. ५० मिमी थराला १,२०० चौरस मीटरवर ६० घनमीटर, म्हणजे जवळपास १४० टन माल लागतो. हा आकडा आधीच काढून ठेवा आणि काम चालू असताना वजनकाट्याच्या पावत्या जमा करा. थर १० मिमीने पातळ झाला तर २८ टन माल वाचतो, आणि तो तुमचा वाचत नाही.

माल १५० अंशांच्या आसपास गरम यायला हवा आणि ८५-९० अंशांखाली उतरण्याआधी रोलरचं काम संपायला हवं. लांबून थंड होत आलेला माल दिसायला तसाच दिसतो. पण तो नीट दबत नाही, पाणी पितो आणि दोनेक पावसाळ्यांत त्याची खडी सुटायला लागते.

पार्किंगमध्ये डांबराचं खरं दुखणं म्हणजे उभी गाडी. डिझेल आणि इंजिन ऑइल डांबराच्याच कुळातले, त्यामुळे ठिबकलं की ते डांबर विरघळवतात. कप्प्याच्या मध्यावर काळा, मऊ डाग पडतो तो याचाच. भर उन्हात मोटरसायकलचं साइड स्टँड नाण्याएवढं भोक पाडून आत जातं आणि गाडी आडवी होते. दुचाकींचा कोपरा डांबरी करू नका, ही सूचना बिनशर्त.

३ ते ५ वर्षांनी सील कोट (वरून डांबराचा पातळ लेप), दर वर्षी भेगा भरणं आणि १२-१५ वर्षांनी वरून नवा थर, एवढं केलं तर डांबर निभावतं. नव्या थराने पातळी ४० मिमी तरी वर येते. तेव्हा दुकानांचे उंबरे आणि गटारांची झाकणं खाली जातात. त्याचा खर्च कोणी आधी सांगत नाही.

काँक्रीट

कारसाठी १०० ते १२५ मिमी, ट्रकच्या वाटेवर १५० ते १८० मिमी. पूर्ण आवार १२५ मिमीने केलं तर १५० घनमीटर, म्हणजे ६ घनमीटरच्या मिक्सरच्या २५ फेऱ्या. तेल सांडलं तर डाग राहतो, पण पृष्ठभाग वितळत नाही. उजळ रंगामुळे रात्री कमी दिव्यांत भागतं. २५-३० वर्षं टिकतं, पण सांधे नीट असतील तरच.

काँक्रीट आकसताना तडकणारच. कुठे तडकायचं ते आपण ठरवायचं, त्यासाठी ठरावीक अंतरावर वरून काप द्यायचे; तेच सांधे. सांध्यांमधलं अंतर जाडीच्या २४ ते ३० पट ठेवा, म्हणजे १२५ मिमीला ३ ते ३.७५ मीटर. तुकडे चौरसाच्या जवळचे हवेत. कापाची खोली जाडीच्या पाव, सुमारे ३२ मिमी. वेळ महत्त्वाची: हवामानाप्रमाणे ओतल्यानंतर ६ ते १८ तासांत. “उद्या सकाळी कापू” म्हणणाऱ्याच्या स्लॅबला रात्रीतच आपली वाट सापडते. लोखंडी जाळी टाकली म्हणजे तडे जात नाहीत हा गैरसमज आहे. जाळी तडा फक्त घट्ट धरून ठेवते, तीही वरच्या अर्ध्यात असेल तर. बहुतेक ठिकाणी ती पायाखाली तुडवून मातीवर आडवी झालेली असते.

दुसरी चूक मिक्सरशी उभं राहून पाणी वाढवण्याची. पसरायला सोपं जातं, पण वरचा थर कमजोर होतो आणि टायरखाली पूड सुटते. पाणी मारणं किमान ७ दिवस, त्यानंतर कार. ट्रक २८ दिवसांनी. चालू दुकानाला हे बंद दिवस परवडतात का, ते आधी पाहा.

पेव्हर ब्लॉक

जिथे पुढेमागे पाइप-केबलसाठी खणावं लागणार, तिथे याला तोड नाही: ब्लॉक उचला, काम करा, तेच परत बसवा. गाड्यांसाठी ८० मिमी जाडी घ्या. ६० मिमी पायवाटेसाठी ठीक. गाड्या वळतात तिथे हेरिंगबोन मांडणी हवी, म्हणजे ब्लॉक एकमेकांना काटकोनात अडकवलेले. सरळ ओळी टायरच्या पिळाने सरकतात.

ब्लॉक खचला की दोष ब्लॉकला मिळतो, पण तो सहसा खाली असतो. वाळूचा थर एकसारखा ३० मिमी असावा, आपल्या आवाराला सुमारे ३६ घनमीटर. पायाचा उंचसखलपणा वाळूने भरून काढला की जिथे ती ७० मिमी झाली, तिथेच पुढे चाकोरी पडते. वाळूऐवजी बारीक पूड जास्त असलेली कच वापरली तर ती पाणी धरून ठेवते आणि चाकाखाली चिखल होऊन सांध्यातून वर येते. कडेला काँक्रीटचा भक्कम कर्ब (कडेची पट्टी) नसेल तर बाहेरची रांग आधी सुटते, मग आतली. दोनेक टक्के ब्लॉक जास्तीचे घेऊन ठेवा. दोन वर्षांनी तोच रंग मिळत नाही.

खडी

तात्पुरत्या किंवा क्वचित भरणाऱ्या जागेला उत्तम. ट्रॉली, व्हीलचेअर आणि टाचांच्या चपला यांना मात्र त्रास. कप्प्यांच्या रेषा मारता येत नाहीत, त्यामुळे जिथे ४० गाड्या बसायच्या तिथे ३० च लागतात. तो तोटा चौरस मीटरच्या दरात दिसत नाही.

दर कसा जुळवायचा

प्रत्येक पर्यायासाठी पहिला खर्च, पुढच्या वर्षांची ठरलेली डागडुजी आणि बंद दिवसांचं नुकसान एकत्र करून वापराच्या वर्षांनी भागा. वर्षं म्हणजे पृष्ठभागाचं आयुष्य नव्हे, तुम्ही तिथे राहणार ती वर्षं. भाडेकरार ७ वर्षांचा असेल तर काँक्रीटचं उरलेलं आयुष्य जागामालकाला फुकट जातं, तिथे डांबर. जागा स्वतःची आणि ट्रक रोजचे असतील तर कप्पे डांबरी, ट्रकची वाट आणि कचराकुंडीसमोरचा चौथरा काँक्रीटचा, दुचाकींना ब्लॉक, ही मांडणी बहुतेक वेळा स्वस्त पडते. डांबर-काँक्रीटच्या जोडावर सील भरायचं विसरू नका; पाणी आत जायची पहिली जागा तीच.

कोणताही पर्याय घेतला तरी मातीचा थर १५०-२०० मिमीच्या टप्प्यांत प्रयोगशाळेत मिळणाऱ्या कमाल घनतेच्या ९५ टक्क्यांपर्यंत दाबलेला आणि उतार १.५ ते २ टक्के हवा, म्हणजे २० मीटरला ३० ते ४० सेंटीमीटर. फुगणारी काळी माती असेल तर ती काढा किंवा तिच्यावर जिओटेक्स्टाइल (माती आणि खडी वेगळी ठेवणारं कृत्रिम कापड) घालून पाया वाढवा. वरचा थर टाकायच्या आधी भरलेला ट्रक सावकाश फिरवून घ्या. चाकाखाली जमीन दबून परत उसळली तर तेवढा भाग उकरून पुन्हा भरा. आणि त्याच दिवशी दिवे आणि चार्जिंग पॉइंटसाठी १०० मिमीचे दोन रिकामे पाइप आडवे टाकून त्यांची तोंडं बंद करून ठेवा.